काजळी बाटलीने जाते का?



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. मूलच्या आसपास धान निसवू लागले होते आणि नेमकी त्याच वेळी पावसाने दडी मारली. बांध्यांतले पाणी आटले, माती तडकू लागली. अशात एक काकाजी सकाळीच माझ्या कचेरीत आले. त्यांनी पिशवीतून एक लहानशी चकचकीत बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

“साहेब, हे औषध चांगलं आहे का जी? दुकानदार म्हणते, डिझेलात टाकलं का इंजनातला सारा कार्बन साफ होते. आमचं इंजन लय धूर मारून राहिलं. बोडीत पानी आहे, पण इंजन दम धरत नाही.”

मी विचारले, “ही पहिलीच बाटली का?”

“नाही जी, एक टाकून झाली. ही दुसरी.”

“मग फरक पडला?”

काकाजी नुसते हसले. त्या हसण्यात उत्तर होते.

विजेचा पंप का नाही, हे मी विचारले नाही. आपल्या भागात ते विचारायची गरज नाही. वीज बहुतेक वेळा रात्रीची मिळते, बांधी जंगलाला लागून, आणि रात्री वाघाच्या वाटेवर जाऊन बटन दाबायला कोण तयार होईल? म्हणून गरजेच्या वेळी दिवसाउजेडी चालणारे डिझेल इंजिन हाच अनेकांचा आधार. ते बंद पडले तर बोडीतले पाणी बोडीत राहते आणि दहा हातांवरचे धान वाळते.

मी गाडीवर बसलो आणि काकाजींबरोबर त्यांच्या शेतावर गेलो. तिथे काय दिसले ते शेवटी सांगतो. आधी त्या बाटलीबद्दल बोलू. कारण हल्ली हा प्रश्न मला गावोगाव विचारला जातो. इंजिनवाले विचारतात, ट्रॅक्टरवाले विचारतात, आणि घरी जुनी चारचाकी घेतलेली पोरेही विचारतात.

काजळी येते कोठून?

हे समजण्यासाठी इंजिनाकडे जायची गरज नाही. स्वयंपाकघरातल्या चुलीकडे पाहा. लाकूड वाळलेले असले, चुलीला वारा नीट मिळत असला, तर जाळ स्वच्छ लागतो आणि गंजाला काजळी थोडी धरते. लाकूड ओले असले, किंवा चूल राखेने तुंबली असली, की धूर कोंडतो आणि गंज बुडापासून काठापर्यंत काळा होतो. आता घरच्या बाईने तो गंज राखेने घासून लख्ख केला, पण दुसऱ्या दिवशी चुलीत पुन्हा ओलेच लाकूड घातले, तर काय होईल? संध्याकाळपर्यंत गंज पुन्हा काळा. घासणे चुकीचे नव्हते. पण काजळीचे मूळ गंजात नव्हते, चुलीत होते.

इंजिनाचेही असेच आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला दाबून तिच्या पंधरा-वीसपट लहान जागेत कोंबतो. त्या दाबाने हवा इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा पडताच तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराचे इंजिन १८९७ साली याच तत्त्वावर यशस्वी झाले. त्या चाचणीत इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णतेचे काम झाले. वाफेच्या इंजिनांच्या मानाने त्या काळी ही फार मोठी मजल होती. पुण्याला १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स कंपनी निघाली, राजकोटच्या कारखान्यांतून लिस्टर पद्धतीची जड इंजिने बाहेर पडू लागली, आणि हे यंत्र मोटेच्या जागी आपल्या विहिरींवर व बोड्यांवर येऊन बसले.

तत्त्व तेच राहिले. डिझेल पूर्ण जळायला तीन गोष्टी लागतात: भरपूर हवा, धुक्यासारखा बारीक फवारा आणि पुरेशी उष्णता. यांपैकी एक जरी कमी पडली तरी डिझेल अर्धवट जळते. अर्धवट जळलेले डिझेल म्हणजेच काजळी. ती थोडी धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेली आत बसते: नॉझलच्या टोकावर, पिस्टनच्या माथ्यावर, धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर, सायलेन्सरमध्ये आणि पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत.

यात रिंगांची काजळी सर्वांत वाईट. खाचेत काजळी भरली की रिंग अडकते, तिची लवचिकता जाते. मग दाबलेली हवा पिस्टनच्या बाजूने खाली निसटते आणि खालचे वंगण वर चढून जळू लागते. वंगण जळले की आणखी काजळी होते. एकदा हे चक्र सुरू झाले की इंजिनाची ताकद दिवसेंदिवस कमी होत जाते, आणि मालक म्हणतो, “इंजन म्हातारं झालं.” पुष्कळ वेळा ते म्हातारे झालेले नसते, कोंडलेले असते.

धूर वाचायला शिका

आजारी माणसाची जीभ पाहून वैद्य अंदाज करतो, तसा इंजिनाचा धूर पाहून अंदाज करता येतो. त्याला पैसे पडत नाहीत. इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालवून गरम होऊ द्या, पंपाचा भार त्यावर येऊ द्या, आणि मग धुराकडे पाहा.

धूर काळा असेल तर डिझेलाच्या मानाने हवा कमी पडते आहे, किंवा फवारा जाड पडतो आहे, किंवा इंजिनावर त्याच्या कुवतीबाहेरचा भार आहे. हवेची गाळणी आणि नॉझल या दोन जागा आधी तपासा.

धूर निळसर असेल तर वंगण जळते आहे. रिंगा अडकल्या किंवा झिजल्या असतील, व्हॉल्व्हचे गाईड ढिले झाले असतील. कधी कधी कारण अगदी साधे असते. हवेच्या गाळणीच्या वाटीत खुणेपेक्षा जास्त ऑईल भरलेले असते आणि इंजिन तेच ओढून घेते.

धूर पांढरा असेल आणि इंजिन गरम झाल्यावरही जात नसेल, तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे. इंजिन थंड चालते, दाब कमी आहे, किंवा आत पाणी शिरते आहे. सकाळी चालू करताना क्षणभर पांढरा धूर निघाला तर घाबरायचे कारण नाही.

ही तीन रंगांची ओळख घरातल्या सर्वांना असू द्या. अनेक घरांत इंजिन सुरू करून ठेवायचे काम गडी करतो आणि दिवसभर त्याच्याजवळ बांधीत वाकलेली असते घरची बाई. धुराचा रंग बदलला हे तिला सर्वांच्या आधी दिसते. तिने ते सांगितले तर ऐका.

बाटली काय करते, काय करत नाही

आता त्या औषधाकडे वळू. ते सारे थोतांड आहे असे मी म्हणणार नाही. त्यामागे शास्त्र आहे. कपड्याचा साबण जसा एका अंगाने मळाला चिकटतो आणि दुसऱ्या अंगाने पाण्याबरोबर वाहून जातो, तशीच ही द्रव्ये काम करतात. त्यांचे एक टोक काजळीच्या पातळ थराला धरते, दुसरे टोक इंधनात विरघळते, आणि थर सुटून इंधनाबरोबर जळून जातो. पेट्रोलच्या बाबतीत पॉलीइथरअमीन नावाचे द्रव्य यासाठी नावाजलेले आहे. अमेरिकेत तर १९९५ पासून पेट्रोलमध्ये असे मळ धरू न देणारे द्रव्य ठराविक प्रमाणात मिसळणे कायद्यानेच बंधनकारक केले आहे. म्हणजे गोष्ट खरी आहे.

पण साबण जिथे पोचेल तिथलाच मळ जाईल ना? सदऱ्याला लावलेल्या साबणाने धोतर धुतले जात नाही. टाकीत टाकलेले औषध इंधनाच्या वाटेनेच जाते. ती वाट कोणती? टाकी, नळी, डिझेलची गाळणी, पंप आणि नॉझल. डिझेल इंजिनात नॉझलच्या भोकांवर नुकता धरू लागलेला पातळ थर अशा औषधाने उतरू शकतो. तिथवर त्याचे काम.

धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हपर्यंत हे औषध औषध म्हणून पोचतच नाही. त्याआधीच ते जळून जाते. रिंगांच्या खाचांत वर्षानुवर्षे भाजून दगड झालेली काजळी त्याने सुटत नाही. सायलेन्सर साफ होत नाही. झिजलेली रिंग नवी होत नाही, झिजलेले नॉझल बारीक फवारा मारू लागत नाही, आणि तुंबलेली हवेची गाळणी मोकळी होत नाही. काकाजींच्या पहिल्या बाटलीने फरक का पडला नाही, याचे उत्तर इथेच आहे. औषध खोटे असेलच असे नाही, रोग दुसरा होता.

दुसरी गोष्ट, प्रमाणाची. बाटलीवर जितक्या लिटरला जितके लिहिले आहे तितकेच घाला. दुप्पट घातल्याने दुप्पट साफ होत नाही. आणि पेट्रोलचे औषध डिझेलात, डिझेलचे पेट्रोलात कधी घालू नका.

तिसरी गोष्ट जिवाची आहे. काही जण चालू डिझेल इंजिनाच्या हवेच्या तोंडातून रॉकेल, पेट्रोल किंवा फवाऱ्याचे औषध आत सोडतात. असे कधीही करू नका. डिझेल इंजिन हवेबरोबर येईल ते जाळते. जास्त गेले की इंजिन बेफाम धावू लागते, डिझेल बंद केले तरी थांबत नाही, आणि शेवटी फुटते. द्रव जास्त साचला तर पिस्टन त्याला दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन्ही वेळा जवळ उभ्या असलेल्या माणसाची धडगत नसते.

माझीच एक चूक

हे सारे मी शहाणपणाने सांगत असलो तरी शिकलो आहे ठेच खाऊनच. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बी.एस्सी. कृषी होऊन नुकताच घरी परतलो होतो. वडिलांचे पाच अश्वशक्तीचे इंजिन धूर मारत होते. वडील म्हणाले, “मिस्त्रीला बोलावू, हेड उघडून पाहील.” मी म्हणालो, “बाबा, मिस्त्रीला कशाला पैसे देता? ऑईलमध्ये रॉकेल मिसळून इंजिन चालवले की आतला सगळा मळ सुटतो.” हे मी कुठे तरी ऐकले होते. कॉलेजात कोणी शिकवले नव्हते, पण अंगावर पदवीचा नवा सदरा होता. वडिलांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

रेशनचे निळे रॉकेल मी वंगणात ओतले आणि इंजिन नुसते चालवून थांबवण्याऐवजी, पाणी द्यायचे होते म्हणून, पंपाला जोडून दिले. रॉकेलने वंगण पातळ झाले. पातळ वंगणाचा थर भाराखाली टिकला नाही. तासाभरात इंजिनाने आवाज बदलला आणि ते जाम झाले. बेअरिंग जळाले होते, क्रँकला ओरखडे पडले होते. दुरुस्तीला शहरात न्यावे लागले आणि तिथे दोन आठवडे गेले.

त्या वर्षी आमच्या खालच्या बांधीत धान निसवले, पण दाणा भरला नाही. हातात घेऊन चोळले की नुसते पोचट निघे. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त तणस गोळा करताना म्हणाले, “गुरांना तरी होईल.” तो आवाज अजून माझ्या कानात आहे. म्हणून कोणी बाटली घेऊन आले की मी त्याला हसत नाही. बाटलीत आशा असते. मिस्त्रीपेक्षा ती स्वस्त असते आणि इंजिन उघडावे लागत नाही. हा मोह मला ठाऊक आहे.

मग काय करावे?

खर्चाच्या क्रमाने सांगतो. फुकटाचे आधी.

पहिले, हवेची गाळणी. धान चुरताना, रस्त्याच्या धुळीत, तणसाच्या कुट्यात इंजिन चालते तेव्हा ही गाळणी लवकर तुंबते. ऑईलच्या वाटीची गाळणी असेल तर वाटीतला गाळ काढून जाळी डिझेलने धुवा, निथळू द्या आणि खुणेपर्यंतच नवे ऑईल भरा. कागदी गाळणी असेल तर ती धुऊ नका, हलकेच झटका. फाटली किंवा काळीठिक्कर झाली तर बदला. धुळीच्या कामात हे रोज पाहावे.

दुसरे, थंड पाण्याचा कॉक. याकडे फारच थोडे लोक लक्ष देतात. आपल्याकडे पंपाच्या पाण्यातूनच एक बारीक नळी इंजिनाच्या अंगातून फिरवतात. कॉक पूर्ण उघडा ठेवला की बोडीचे थंडगार पाणी सतत आत जाते आणि इंजिन तापतच नाही. माणसाला वाटते, इंजिन थंड आहे, बरे आहे. प्रत्यक्षात थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते आणि बोअर झिजतो. बाहेर पडणारे पाणी चांगले गरम असावयास हवे, साधारण ६० ते ७० अंश. त्याखाली हात फार वेळ धरवू नये. कॉक थोडा थोडा दाबून हे जमवा. मात्र पाणी पूर्ण बंद करू नका, आणि कोमट पाणी अचानक वाफाळू लागले तर इंजिन लगेच थांबवा.

तिसरे, भार. दहा अश्वशक्तीचे इंजिन तीन अश्वशक्तीच्या पंपाला जोडून दिवसभर चालवणे म्हणजे मोठ्या बैलजोडीला रिकामी गाडी ओढायला लावणे. इंजिन अर्धवट तापते आणि ओली काजळी धरते. उलट लहान इंजिनावर मोठा पंप लादला तर काळा धूर निघतो. जोडी बरोबरीची असावी. रिकामे इंजिन उगाच तासन्‌तास चालू ठेवू नका.

चौथे, नॉझल. हे काम हातच्या मिस्त्रीचे नव्हे, ज्याच्याकडे नॉझल तपासायचे यंत्र आहे त्याचे. तो दाब देऊन पाहतो. फवारा धुक्यासारखा पडावा, टोकाशी थेंब लोंबू नये. अनेक जुन्या इंजिनांत हा दाब दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोच्या आसपास असतो. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो, तो मिस्त्रीला दाखवा. टोक स्वतः खिळ्याने किंवा तारेने खरवडू नका. भोक किंचित मोठे झाले तरी फवारा बिघडतो.

पाचवे, हेड उघडून काजळी काढणे. पुस्तिकेत जितके तास दिले आहेत तितके चालल्यावर, किंवा धूर आणि ताकद दोन्ही बिघडल्यावर, हे करावेच लागते. मिस्त्री करत असताना जवळ उभे राहा. पिस्टनच्या माथ्यावरची काजळी लाकडाच्या किंवा पितळेच्या पट्टीने काढावी, पोलादी पटाशीने नव्हे. पाण्याची व वंगणाची भोके चिंधीने बुजवावीत, म्हणजे खरवड आत पडणार नाही. रिंगा काढून खाचा साफ कराव्यात. व्हॉल्व्ह घासून बसवावेत. हेडचे गॅस्केट नवेच घालावे. जुने गॅस्केट पुन्हा बसवून वाचवलेला पैसा पुढच्या आठवड्यात दुप्पट जातो.

आता हिशेब पाहा. पाच अश्वशक्तीचे इंजिन पुऱ्या भारावर तासाला लिटरभर किंवा थोडे अधिक डिझेल खाते. समजा, खराब नॉझलमुळे आणि तुंबलेल्या हवेमुळे शेकडा दहा डिझेल धुरात जाते. शंभर तासांत दहा लिटरच्या वर झाले. तेवढ्या पैशात नॉझल तपासून होईल की नाही, ते तुमच्या गावच्या भावाने तुम्हीच ठरवा. यासाठी इंजिनाजवळ एक वही ठेवा. तारीख, किती तास चालले, किती डिझेल गेले, ऑईल कधी बदलले, एवढेच लिहायचे. घरातली शाळकरी मुलगी हे काम हौसेने करील. डिझेल एकाएकी जास्त लागू लागले की वहीच तुम्हाला सांगेल.

भेसळीचा प्रश्न

काही वेळा दोष आपल्या इंजिनाचा नसून इंधनाचा असतो. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळले तर ते नीट जळत नाही, इंजिन ठोके मारते आणि काजळी साचते. डिझेलमध्ये रॉकेल मिसळले तर त्याचा निसटा वंगणगुण कमी होतो. पंप आणि नॉझल झिजतात, फवारा बिघडतो, आणि मग काजळी येते. बाटलीतले कोणतेही औषध ह्या झिजेवर उपाय नाही.

हा धंदा किती निर्दय आहे हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनाच्या भेसळीचा प्रकार पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. एका अधिकाऱ्याने त्यासाठी प्राण दिला, तर आपण निदान पावती मागण्याचा कंटाळा करू नये. पंपावर पेट्रोलची कागदावरची चाचणी मागता येते. गाळणकागदावर थेंब टाकला आणि तो उडून गेल्यावर डाग राहिला, तर शंका घ्यावी. घनता पाहता येते, पाच लिटरच्या मापाने मोजून घेता येते. हा ग्राहकाचा हक्क आहे. रस्त्याकडेला कॅनमध्ये स्वस्त मिळणारे डिझेल घेऊ नका. घरी आणलेला कॅन रात्रभर स्थिर ठेवा, तळचे दोन बोटे इंधन टाकीत ओतू नका, आणि वरचे गाळून घ्या.

घरच्या गाडीबद्दल

आता थोडे पोरांसाठी. जुन्या पेट्रोल गाडीत पेट्रोल आत येणाऱ्या व्हॉल्व्हवरून वाहत जाते. त्यामुळे चांगल्या औषधाने तिथली काजळी बऱ्यापैकी सुटू शकते. पण काही नव्या गाड्यांत पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारले जाते. तिथे त्या व्हॉल्व्हला पेट्रोल लागतच नाही, मग टाकीतले औषध तिथे कसे पोचणार? औषध घेण्याआधी आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे विचारून घ्या.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी चाळणी असते. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर गाडी फिरवली की ती तापत नाही आणि तुंबते. दिवा लागला तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालवावी. बहुतेक वेळा साचलेली काजळी तिथेच जळून जाते. दिव्याकडे दुर्लक्ष करून बाटल्या ओतत बसू नये. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांनाही १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू आहेत. अशा ट्रॅक्टरच्या टाकीत कंपनीच्या पुस्तिकेत नसलेले काहीही घालण्याआधी विचारावे, नाही तर हमी जाण्याचीही भीती असते.

काकाजींच्या बांधीवर

तर त्या सकाळी आम्ही शेतावर पोचलो. काकाजींनी हँडल मारले. इंजिन सुरू झाले आणि सायलेन्सरमधून काळाकुट्ट धूर निघाला. पंपाचे पाणी मात्र हाताच्या मनगटाएवढेच. मी इंजिन बंद करायला सांगितले आणि हवेच्या गाळणीची वाटी उघडली. आत ऑईल नव्हते, चिखल होता. गेल्या हंगामात त्याच इंजिनावर धान चुरले होते. तेव्हापासून कोणी ती वाटी उघडली नव्हती. जाळीत कोंडा आणि तणसाचा चुरा घट्ट बसलेला.

आम्ही ती धुतली, भरली, बसवली. पुन्हा हँडल मारले. धूर कमी झाला, पण गेला नाही. नॉझल काढून काकाजींचा मुलगा चंद्रपूरला घेऊन गेला. संध्याकाळी परतला. टोक थेंब टाकत होते, ते बदलून आणले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी बांधीत पडू लागले. काकाजींची घरवाली बांधावर उभी होती. ती एवढेच म्हणाली, “आता आवाज बरा येते.” मला वाटते, कोणत्याही यंत्रापेक्षा तिचीच परीक्षा पक्की होती.

काठाकडचे थोडे धान हातचे गेले होते, ते गेलेच. पण बाकीची बांधी भरली. बाटली मात्र तशीच टेबलावर राहिली. काकाजी म्हणाले, “राहू द्या साहेब, कोनाला दाखवाले होईल.” ती अजून माझ्या कपाटात आहे, आणि मी ती खरोखरच दाखवतो.

बंधूंनो, इंजिन चांगले चालत असेल, नॉझल ठीक असेल आणि कधीमधी प्रमाणात औषध घालावेसे वाटले तर घाला. माझी तक्रार नाही. पण धूर निघतो आहे म्हणून बाटली घेत असाल तर आधी हवेची वाटी उघडा. आणि हे सारे ऑक्टोबरात, धान पोटरीत असताना करू नका. उन्हाळ्यात, रोवणीच्या आधी, नांगर-वखराबरोबर इंजिनालाही एक दिवस द्या. त्या दिवशी उघडलेले इंजिन दोन दिवस पडून राहिले तरी चालते. धान निसवल्यावर दोन दिवससुद्धा फार होतात.

आपल्या इंजिनाच्या धुराचा रंग कोणता, ते या आठवड्यात पाहून ठेवा. काही अडले तर कचेरीत या, बाटली आणली तरी चालेल. पुढच्या वेळी धान साठवताना कणगीत होणाऱ्या सोंड्यांबद्दल बोलू.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी, मूल